जेवढा ताप, तेवढी धाव

गोदावरीचं पाणी पंपाने उचलून वरच्या रानांत सोडायचं, ही विष्णुपुरीची ओळख. नांदेड शहराच्या वरच्या अंगाला, असर्जनजवळ नदी अडवली, तिथल्या जलाशयाला शंकरसागर नाव पडलं आणि आशियातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांत या योजनेचं नाव घेतलं जाऊ लागलं. नांदेडकरांच्या नळाला येणारं पाणीही बरंचसं इथलंच. पावसाळ्यात ‘विष्णुपुरीचे दरवाजे उघडले’ अशी बातमी आली की लोक घाटावर पाणी बघायला जातात. याच विष्णुपुरीत १९८१ साली सुरू झालेलं श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ मध्ये स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, शंकरराव चव्हाणांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. पाणी उचलणारे, शिकणारे आणि बरं व्हायला आलेले, सगळे एकमेकांच्या शेजारी.

मला मात्र एका फार लहान पंपाबद्दल लिहायचं आहे. तो मुठीत मावतो, बारा व्होल्टवर चालतो आणि माझ्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये जेमतेम अर्धा लिटर पाणी गोल गोल फिरवत राहतो. प्रोसेसरपाशी तापलेलं पाणी रेडिएटरपर्यंत न्यायचं आणि निवलेलं परत आणायचं, एवढंच त्याचं काम. पण पंप, त्याचा वेग आणि खोलीतली शांतता यांचं नातं मला त्याने जितकं उलगडून दाखवलं, तितकं धरणावरच्या थोरल्या पंपांकडे बघून कधी उलगडलं नव्हतं.

उपग्रहचित्रांवरून नदीची पात्रं, तळी, ओली-कोरडी शिवारं यांचे नकाशे करणं हे माझं काम. एका हंगामाची सगळी चित्रं एकत्र मोजायला घेतली की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबतात. दोघं मिळून तीनशे वॅट सहज खातात, आणि खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. निव्वळ पंख्यांनीही ती काढता येते, पण एप्रिल-मे महिन्यांत, पारा बेचाळीसच्या वर गेला की ते पंखे अक्षरशः कोकलतात. आमचं घर लहान आहे. कॉम्प्युटर आहे त्याच खोलीत आई झोपते आणि तिची झोप फार सावध. दिवसा लाइट जाते-येते, म्हणून लांबणारं काम रात्रीच लावावं लागतं. मशीन शांत हवं ही इथे हौसेची बाब उरत नाही. आईची झोप आणि माझं काम एका खोलीत नांदायचं तर ते शांत असलंच पाहिजे.

आवाजाबद्दल आपल्याकडे नियम आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल घातली आहे. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीच्या शांतता क्षेत्रासाठी ४०. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपायच्या खोलीतल्या सततच्या आवाजासाठी ३० डेसिबलचा आकडा सुचवला होता. नियम बाहेरून येणाऱ्या आवाजाला बांध घालतात. घरातल्या घरात, रात्रभर एका सुरात चालणाऱ्या बारीक आवाजाची दखल घरातल्यांनीच घ्यायची असते, आणि आपण ती घेत नाही. मिक्सर, मोटार, कूलर, इन्व्हर्टर या सगळ्यांचा आवाज ‘मशीन म्हटल्यावर होणारच’ म्हणून आपण सोसतो. मला हे सोसणं मान्य नाही. बहुतेक आवाज हा यंत्राच्या कामाचा नसतो. कामाला लागतो त्याहून जास्त वेग दिल्याचा असतो.

पाण्याने कॉम्प्युटर निववण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या साठच्या दशकातल्या काही थोरल्या मशिनांमध्ये पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या होत्या. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्किटंच एका निष्क्रिय द्रवात बुडवून ठेवली होती. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवानेच निवतो. कारण साधं आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता उचलतं, तेवढी उचलायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून पाणी संथ फिरलं तरी भागतं, हवेला मात्र धावावं लागतं.

तरीही पाण्यावरचा कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू करणाऱ्याची निराशा होते. पंख्यांचा घोंगाट जातो आणि त्याच्या जागी एक बारीक, न तुटणारा सूर येतो. तो पंपाचा. घोंगाटाशी कान जुळवून घेतो, या सुराशी चटकन घेत नाही.

या कामासाठी जगभर नावाजलेला एक पंप आहे, मुळातला लाइंग कंपनीचा डी-५. त्याचा फिरणारा भाग एका लहानशा गोळीवर तोललेला असतो आणि त्याला वंगण म्हणून फक्त आतलं पाणीच मिळतं. दांडा नाही, दांड्याभोवतीचं सील नाही, म्हणून तिथून गळायला जागाही नाही. त्याच्या एका प्रकारात मागच्या बाजूला पाच आकड्यांचं छोटं चक्र असतं: एकवर मिनिटाला १,८०० फेरे, पाचवर ४,८००. आपल्याकडे सवयीने लोक ते पाचवर नेऊन ठेवतात. दिलंय तर वापरावं, असा त्यामागचा हिशेब. पण फेरे निम्मे केल्यावर काय होतं ते बघावं. पाणी निम्मं वाहतं, पाणी ढकलणारा दाब पावपट होतो आणि लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते. पंपाचे हे नियम पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. वेग कमी केला की लाभ त्याच्या घनाच्या पटीत मिळतो. पंख्यांच्या आवाजाचंही तसंच: फेरे निम्मे केले तर आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबलचा उतार कानाला निम्मा वाटतो.

इथे विष्णुपुरीत राहणाऱ्या माणसाला शंका यायलाच हवी. धरणावरचा पंप असा निम्म्या वेगाने चालवला तर?

तर पाणी वर येणारच नाही. नदीपासून वरच्या कालव्यापर्यंत जी उंची आहे ती आधी जिंकावी लागते. समजा, पूर्ण वेगात पंप जास्तीत जास्त चाळीस मीटरपर्यंत पाणी रेटू शकतो आणि चढ पंचवीस मीटरचा आहे. दाब वेगाच्या वर्गाने घटतो. म्हणजे वेग एकोणऐंशी टक्क्यांच्या खाली गेला की मोटार फिरत राहील, वीज खात राहील आणि वर थेंब पडणार नाही. उपशाच्या पंपाला असा एक उंबरठा असतो, त्याच्या अलीकडचा सगळा वेग वाया. माझ्या टेबलाखालच्या पंपाला हा उंबरठा नाही. त्याचं पाणी बंद वाटेने फिरतं. जेवढं वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली येतं, आणि उतरणारं पाणी चढणाऱ्याला ओढून घेतं. पंपाला फक्त नळीतलं आणि प्रोसेसरवर बसवलेल्या ब्लॉकच्या बारीक खाचांमधलं घर्षण सोसायचं असतं. म्हणून त्याला कितीही हळू चालवता येतं. पाणी थोडं का होईना, फिरतंच. उंच चढवायचं नसेल त्याने उंच चढवणाऱ्याच्या जोराने धावायचं कारण नाही, हे मला या तुलनेतून नीट कळलं.

हाच उंबरठा आता गावोगाव उघड्या डोळ्यांनी दिसतो. सरकारची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये आली आणि शेताशेतांत तीन, पाच, साडेसात एचपीचे सौर पंप उभे राहिले. जुनी मोटार लाइटवर चालायची; लाइट पन्नास हर्ट्झची, म्हणून मोटारीचे फेरेही ठरलेले, मिनिटाला २,८८० च्या आसपास. चालू किंवा बंद, मधलं काही नाही. पाणी जास्त वाटलं तर व्हॉल्व्ह दाबायचा. मोटार मात्र तेवढ्याच जोराने ओरडत राहायची. सौर पंपाचा कंट्रोलर तसं करत नाही. ऊन जेवढं असेल तेवढाच तो मोटारीला वेग देतो. म्हणून सकाळी मोटार फिरताना ऐकू येते पण पाणी येत नाही, आणि माणूस पाइपाच्या तोंडाशी हात धरून उभा राहतो. ऊन थोडं चढतं, फेरे उंबरठा ओलांडतात आणि पाणी फुटतं. दुपारी धार जाडजूड होते, ढग आला की बारीक. वर्षानुवर्षं चालू-बंद एवढंच ठाऊक असलेल्या रानात वेगाला पायऱ्या असतात हे पहिल्यांदा दिसलं ते या पंपामुळे. मला याचं फार अप्रूप आहे.

कॉम्प्युटरच्या पंपाला सूर्य नाही, पण ताप आहे. वेग किती द्यायचा हे तापावरून ठरवायचं. हिशेब अवघड नाही. तीनशे वॅट उष्णता मिनिटाला चार लिटर पाण्यात सोडली तर ते पाणी ब्लॉकमधून बाहेर पडताना एका अंशाहून किंचित जास्त तापलेलं असतं. दोन लिटर वाहिलं तर दोन अंशांहून किंचित जास्त. एक लिटर वाहिलं तर सव्वाचार. अर्धा लिटर केलं की साडेआठ. म्हणजे चारवरून दोनवर येताना एका अंशाचा तोटा, पण एकवरून अर्ध्यावर येताना चार अंशांपेक्षा जास्त. वरच्या टोकाला आपण ओतत असलेला वेग जवळजवळ फुकट जातो, खालच्या टोकाला थोडी काटकसरही महाग पडते. शहाणपणाची जागा या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि ती प्रत्येक मशिनात वेगळी असते. नळ्या किती लांब, ब्लॉकच्या खाचा किती बारीक, रेडिएटर एक की दोन, यावर ठरते. माझ्याकडे ती मिनिटाला २,४०० फेऱ्यांच्या आसपास सापडली. पूर्ण वेगापेक्षा प्रोसेसर दोन-तीन अंश जास्त तापतो. त्याला त्याने काही होत नाही. आईला मात्र फरक पडतो.

वेग कमी करायचा तो कसा, यातही बारकावा आहे. पूर्वी व्होल्टेज उतरवून वेग उतरवत. त्यात एका मर्यादेनंतर मोटार सुरूच होत नाही, किंवा सुरू होताना अडखळते. मग चार तारांची पद्धत आली. एक तार जमिनीची, एक बारा व्होल्टची, एक पंपाकडून ‘मी इतके फेरे घेतोय’ असा निरोप आणणारी आणि चौथी हुकूम नेणारी. चौथ्या तारेतून सेकंदाला पंचवीस हजार वेळा चालू-बंद असा संकेत जातो. चालूचा वाटा जास्त तेवढा वेग जास्त. पंचवीस हजारच का? माणसाचा कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. त्याच्या खालच्या वारंवारतेने मोटारीला चालू-बंद केलं तर ती चालू-बंदच किणकिणायला लागते. हा आकडा ठरवणाऱ्याने रात्री त्याच खोलीत झोपणाऱ्याचा विचार केला होता.

इंटेलने पंख्यांसाठी आखलेल्या या पद्धतीतली दुसरी एक गोष्ट मला याहूनही आवडते. चौथी तार तुटली, निसटली, हुकूम येईनासा झाला, तर पंख्याने पूर्ण वेगाने फिरायचं. निरोप हरवला तर स्वस्थ बसायचं नाही, राखणीचं काम जोराने करायचं. पंप विकत घेताना त्याच्या बाबतीत हे बघून घ्यावं, कारण सगळे पंप हा नियम पाळत नाहीत. काही मधल्याच वेगावर अडून राहतात.

पण ताप मोजायचा कुणाचा? इथे बरेच जण प्रोसेसरचा मोजतात. प्रोसेसरचा ताप फार उतावळा असतो. एखादी फाइल उघडली की एका सेकंदात वीस अंश वर, लगेच खाली. पंप त्याच्या तालावर नाचू लागला की सतत चढ-उतार ऐकू येतो, आणि कानाला सततचा आवाज जितका टोचत नाही तितका बदलता टोचतो. झोपलेलं माणूसही बदलाने जागं होतं. ताप मोजावा तो पाण्याचा. पाणी सहजासहजी तापत नाही. रेडिएटर अजिबात नाही असं धरलं, तरी अर्धा लिटर पाण्यात तीनशे वॅट सोडल्यावर ते मिनिटाला साडेआठ-नऊ अंशच चढेल. रेडिएटर असताना कितीतरी हळू. म्हणून रेडिएटरच्या तोंडाशी एक सेन्सर बसवला आणि पंपाला सांगितलं की पाण्याकडे बघ. वेग वाढवायचा तो हळूहळू. उतरवायचा तो पाणी दोन अंश खाली उतरल्याची खात्री पटल्यावर. त्या दोन अंशांच्या आत पंपाने जागचं हलायचं नाही. एवढं केल्यावर रात्रभरात पंपाचा वेग बदलतो तो बदलल्याचं कळू न देता.

यानंतरही काहीतरी घुमत होतं. वेग उतरवलेला, पंखे मंद, तरी एक खालचा, छातीला जाणवणारा सूर. त्याचं उत्तर जुन्या नांदेडातल्या मोटार रिवायंडिंगच्या एका दुकानात मिळालं. आमच्या शेतातली मोटार भरायला दिली होती, बोलता बोलता मी या आवाजाचं सांगितलं. मिस्त्रींनी हातातलं काम न थांबवता विचारलं, “ताई, पंप हातात धरून चालू केला तर वाजतो का?” मी म्हटलं, नाही. “मग तो पंप वाजत नाही. पत्रा वाजतो. पंप नुसता थरथरतोय.”

खरंच तसं होतं. पंप कॉम्प्युटरच्या डब्याच्या तळाला थेट स्क्रूने आवळलेला होता. मिनिटाला समजा २,८०० फेरे म्हणजे सेकंदाला सेहेचाळीस-सत्तेचाळीस थरथरी. डब्याच्या पातळ पत्र्याची स्वतःची थरथर त्याच्या आसपास असली की तो मोठ्याने साथ करतो. प्रत्येक पत्र्याचे, प्रत्येक टेबलाचे असे काही ठरलेले वेग असतात. हळूहळू फेरे वाढवत नेले तर एका ठिकाणी खोली भरून जाते आणि शंभर फेरे पुढे गेलं की पुन्हा सगळं निवतं. म्हणून पंपाखाली मऊ रबराची गादी घातली, स्क्रू त्या रबरातून नेले आणि कोणत्या तापाला किती वेग हे ठरवणाऱ्या पंपाच्या तक्त्यातून ते वाजणारे वेग वगळून टाकले. तिथे थांबायचं नाही, ओलांडून जायचं. रेडिएटरवरच्या दोन पंख्यांचंही असंच. ते जवळजवळ एका वेगाने फिरत, पण तंतोतंत नाही, तेव्हा तंबोऱ्याच्या नीट न जुळलेल्या जोडीच्या तारांमधून येते तशी लाट यायची, फुगायची, ओसरायची. तारा जुळवाव्या लागतात. पंखे मुद्दाम एकमेकांपासून दूर केले की लाट राहत नाही.

मोटारीचं ऐकायला मला शिकवलं ते बाबांनी, आणि तेही कॉम्प्युटरचा काही संबंध नसताना. आमच्या शेतात विहिरीवर मोटार होती. लाइट बहुधा रात्रीची. बाबा विहिरीपासून लांब, खळ्यावर बाजेवर पडलेले असत आणि तिथूनच म्हणत, “ऐक बाई, मोटर हवा खायलालीय.” पाणी तळाला गेलं की फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, पाण्याबरोबर हवा आत येते आणि आवाज खरखरीत होतो. थोडा उशीर झाला तर मोटार कोरडी फिरते आणि जळते. लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ‘ऑटो’ सगळ्यांनी बसवला, पण विहीर आटली हे ऑटोला कळत नसे, ते बाबांच्या कानाला कळे. त्या रात्रींमध्ये माझ्यासाठी आवाज ही त्रासाची गोष्ट नव्हतीच. तो यंत्राचा निरोप होता. अजूनही मी यंत्र मुकं करायच्या मागे नाही. मला त्याचा नको तो गलबला काढून टाकायचा आहे, म्हणजे काही बिघडलं तर ते ऐकू येईल. पूर्ण वेगाने ओरडणाऱ्या पंपात हवेचा बुडबुडा अडकला तर कळत नाही. संथ पंपात तो लगेच गुळगुळतो.

हवा काढण्याचं तंत्र विहिरीवर काय नि कॉम्प्युटरमध्ये काय, एकच: थोडा धीर. कॉम्प्युटरमध्ये नवीन पाणी भरल्यावर डबा इकडे कलवायचा, तिकडे कलवायचा, पंप थोडा वेळ जोरात, थोडा वेळ बंद, असं करत बुडबुडे टाकीपर्यंत आणायचे. पाणी कुठलं भरायचं याबद्दल मात्र मी मुळीच तडजोड करत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांनी जड. भांड्यावर, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतं, तो ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत काय करेल हे सांगायला नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते घ्यावं आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं औषध घालावं. खाचा बुजल्या की त्याच वेगात पाणी कमी वाहतं, मग पंपाला जोर करावा लागतो आणि घालवलेला आवाज परत येतो.

मे महिना हा या सगळ्याची परीक्षा घेतो. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली चाळीसला असली तर पाणी पन्नासच्या घरात जातं, आणि साठच्या पुढे पंपाच्या, नळ्यांच्या जिवाला धोका. म्हणून हिवाळ्याचा तक्ता वेगळा आणि उन्हाळ्याचा वेगळा. मेमध्ये मी पंपाला अडवत नाही. पाणी अठ्ठेचाळीसच्या वर गेलं की तो मोकळा. जड काम पहाटे तीन-चारला लावते, तेव्हा हवा त्यातल्या त्यात निवलेली असते. तेवढ्यानेही भागत नाही तेव्हा कूलर लावते, आणि तिथे विज्ञान आमच्या बाजूने आहे. पत्र्याचा कूलर पाण्याची वाफ करून हवा निववतो, म्हणून कोरड्या मेमध्ये तो खोलीची हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी खाली आणतो. जे महागड्या रेडिएटरला जमत नाही ते कूलरच्या ओल्या गवताला जमतं. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचीही मात्रा चालत नाही.

पण कूलर सुरू झाला की माझ्या पंपाची सगळी शांतता त्याच्या घुरघुरीत बुडून जाते. त्याचा पंखा रेग्युलेटरने तीन पायऱ्यांवर तरी येतो. खालची पाण्याची मोटार मात्र चालू किंवा बंद. गवत भिजून गच्च झालं तरी ती त्याच जोराने पाणी वर फेकत राहते आणि ते टाकीत परत पडताना आवाज करतं. वाफ व्हायला लागतं ते पाणी गवत ओलं असलं की मिळतंच. वरून ओतलेलं जास्तीचं पाणी हवा आणखी थंड करत नाही, नुसतं फिरतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. तो उन्हाळा पाहिलेल्या माणसाला कूलरमध्ये पाणी घालताना आजही हात आखडतो. त्या मोटारीच्या वेगावर ताबा आल्याने वाफ कमी होणार नाही, ती पंख्यावर अवलंबून असते, हे मला माहीत आहे. पण वीज वाचेल, आणि रात्र निवांत जाईल.

शेजारी अभियांत्रिकीला असलेल्या दोन मुली राहतात. त्यांना मी माझा पंप उघडून दाखवला तेव्हा त्यांनी आधी कूलरबद्दलच विचारलं. बारा व्होल्टचा तसलाच लहान पंप, गवताच्या खालच्या कडेला ओल मोजणारा सेन्सर आणि ओल कमी झाली तरच वाढणारा वेग, असा त्यांचा आराखडा आहे. कूलरला उंबरठा आहे हे त्यांनीच ओळखलं: टाकीतून माथ्यापर्यंत तीन-साडेतीन फूट पाणी चढवायचं असतं आणि ते उतरताना मोकळ्या हवेत ठिबकतं, चढणाऱ्याला ओढून घेत नाही. म्हणजे फार संथ वेगाने चालणार नाही. एक तर उंबरठ्याच्या किंचित वर, नाहीतर पूर्ण थांबलेला, असे आलटून-पालटून टप्पे लावावे लागतील. गवत किती वेळ ओलं राहतं यावर ते टप्पे ठरतील. ऊन तापायला लागलं की फेब्रुवारीत गवत नवं बसवायचं, आणि तिथून मोजायला सुरुवात करायची असं आमचं ठरलं आहे.